वेणूबाईंना पाण्याचे विचारले नाही म्हणून

प्रति,
मा. न्यायदंडाधिकारी, प्रथमवर्ग,
अलिबाग, जि. रायगड.

अर्जदार : ॲड. हेमांगी काशिनाथ पेरेकर, आरोपीच्या वकील (विधी सेवा प्राधिकरणामार्फत नियुक्त)

विषय : फौजदारी खटला क्र. २१४/२०२५, सरकार विरुद्ध चंदर रंगू नाखवा, या खटल्यातून आरोपीच्या वकील म्हणून बाजूला होण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा दि. १६ सप्टेंबर २०२५ चा अर्ज व त्यावरील आपला दि. १९ सप्टेंबरचा शेरा, "कारण मोघम. सविस्तर नमूद करावे."

महोदय,

पहिल्या अर्जात अर्जदाराने "वैयक्तिक कारणास्तव" एवढे दोनच शब्द लिहिले होते. ते खोटे नव्हते. पण खरे कारण सांगायची लाज वाटली म्हणून तिने ते दोन शब्द पुढे केले, आणि न्यायालयाने ते बरोबर ओळखले. आता सविस्तर लिहिणे भाग आहे. अर्जदार स्वतःचा उल्लेख "अर्जदार" असाच करत आहे. तशी रीत आहे, आणि या प्रकरणात "मी" लिहायला तिचा हात धजतही नाही.

१. खटल्याची हकीकत न्यायालयासमोर आहेच, तरी पुढचे समजावे म्हणून थोडक्यात. दि. १७ जानेवारी २०२५ रोजी मांडवखार कोळीवाड्यात, धक्क्याच्या बाजूला ओढून ठेवलेली फिर्यादी निकेश याची नवी होडी जळाली. आगीचा फोन पोलिसांना संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी गेला, तशी नोंद आहे. खाडीत जाळे कुणी कुठे लावायचे यावरून चार दिवस आधी निकेश आणि चंदर यांचे भांडण झाले होते, आणि चंदर चारचौघांत "तुजी होडी बगतोच मी" असे बोलून बसला होता. त्यामुळे आग लागल्यावर गावाने दुसऱ्या कोणाचा विचारच केला नाही. निकेश आणि त्याचा मेहुणा या दोघांनी चंदरला जळत्या होडीपासून पळताना पाहिल्याचे सांगितले. ते दोघे एका घरचे. कुणाच्या अध्यात ना मध्यात अशी साक्षीदार एकच, वेणूबाई धर्मा कोळी, वय अंदाजे सत्तर, धंदा मासळी विक्री. चंदर आठ महिने कोठडीत आहे.

२. चंदरचे म्हणणे पहिल्या भेटीपासून एकच आहे. ते त्याच्या लेखी संमतीने येथे नमूद करत आहे. आग लागली तेव्हा तो एकटाच होडी घेऊन समुद्रात होता, आणि खाडीतून निघताना धक्क्यावर वेणूबाई होत्या. "पन मावशी सरकारची साक्षीदार झाली," असे म्हणून त्याने तो विषय सोडून दिला. अर्जदारानेही सोडून दिला. वेणूबाईंच्या पोलीस जबाबात "सायंकाळी पाचच्या सुमारास आरोपीस डिझेलचा कॅन घेऊन धक्क्यावर पाहिले" असे वाक्य होते, आणि असे वाक्य दिसले की ते पाडायचे, एवढेच तिला दिसते. हे वाक्य वेणूबाईंचे आहे की लिहून घेणाऱ्याचे, हा प्रश्न तिला पडला नाही. वास्तविक तो पडण्यासारखी या न्यायालयात तीच एक व्यक्ती होती. का, ते पाचव्या परिच्छेदात येईल.

३. दि. १२ सप्टेंबर रोजी वेणूबाईंची साक्ष झाली. त्या नवी हिरवी साडी नेसून, अबोलीचा गजरा माळून आल्या होत्या. सरतपासणीत सरकारी वकिलांनी त्या दिवसाबद्दल विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "शुकरवार व्हता, पन संकष्टी आलेली, म्हनून गिऱ्हाईक न्हाय. पाटी तशीच घेऊन मी धक्क्यावर बसलेली. सुकती लागली तवा चंदर कॅन घेऊन होडीत चढला." सुकती म्हणजे ओहोटी. सरकारी वकिलांनी विचारले, म्हणजे पाचच्या सुमारास ना. वेणूबाई म्हणाल्या, "तुमी म्हनता तर आसंल." नोंद झाली ती पाचची. अर्जदार त्या वेळी आपल्या टिपणात पुढचा प्रश्न शोधत होती. वेणूबाईंचे वाक्य तिच्या कानावर पडले, पण आत गेले नाही.

४. मग उलटतपासणी. न्यायालयास ती आठवत असेल, कारण त्या दिवशी कोर्टात बरेच जण हसले. अर्जदाराने विचारले, आजी, तुमच्याकडे घड्याळ आहे का. त्या म्हणाल्या, घरात हाय. अर्जदाराने विचारले, ते वाचता येते का. अर्जदाराने त्यांना भिंतीवरचे घड्याळ दाखवून सांगितले, सांगा बरे किती वाजले. वेणूबाईंनी घड्याळाकडे पाहिले, मग खिडकीकडे पाहिले, मग अर्जदाराकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "आता पानी अर्धं भरलं आसंल." मागच्या बाकांवर हशा पिकला. अर्जदारही हसली, हे तिने लपवता कामा नये. त्यावर वेणूबाई बोलू लागल्या, "पन त्या दिसाचं पानी," आणि अर्जदाराने त्यांना मध्येच तोडले. "पाण्याचं विचारलेलं नाही. विचारलं तेवढंच सांगा." हे वाक्य नोंदीत नाही. पण अर्जदाराने ते उच्चारले आहे, आणि ते आपल्या हाताने लिहून काढण्यासाठी तिला हा दुसरा अर्ज लागला. नोंदीत आहे ते एवढेच, "मला घड्याळ वाचता येत नाही. आरोपीस किती वाजता पाहिले ते मला सांगता येणार नाही." साक्ष संपली. सरकारी वकिलांना फेरतपासणीत काही विचारायचे नव्हते.

५. वेणूबाईंना घड्याळ वाचता येत नाही, ही गोष्ट पोलिसांना माहीत नव्हती. फिर्यादीला माहीत नव्हती. चंदरलाही नव्हती. ती अर्जदाराला घरची म्हणून माहीत होती. सन २००८-०९ मध्ये अर्जदार दहावीला असताना तिची आई मुंबईला इस्पितळात होती आणि वडील आईपाशी होते. ते पूर्ण वर्ष अर्जदार मांडवखारला वेणूबाईंच्या घरी राहिली, त्यांच्या पानात जेवली. वेणूबाई नात्याने कोणी नव्हेत. आईच्या माहेरच्या शेजारीण, म्हणून मावशी. परीक्षेसाठी वडिलांनी एक भिंतीवरचे घड्याळ आणून दिले होते. वेणूबाईंनी ते स्वतः खिळा ठोकून लावले, आणि पहिल्याच आठवड्यात अर्जदाराच्या लक्षात आले की त्यांना ते कळत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला जेवढे हसू येईल तेवढे तिला आले. तेव्हा वेणूबाई म्हणाल्या होत्या, "हसतंस काय गो. कुनाला सांगू नको मातर. बाजारात माज्या तोंडावर हसतील." अर्जदाराने आईची शपथ घेतली होती. ती शपथ तिने सोळा वर्षे पाळली आणि भर कोर्टात, साक्षीदाराच्या पिंजऱ्यासमोर उभी राहून मोडली. त्यांना "आजी" म्हटले तेही मुद्दाम, ओळख दिसू नये म्हणून. साक्षीदार परिचयाची आहे हे अर्जदाराने नेमणुकीच्या वेळी कळवायला हवे होते, ते कळवले नाही. घरभेदी हा शब्द तिने आजवर दुसऱ्यांसाठीच वापरला होता.

६. याच वेणूबाईंनी त्या वर्षभरात अर्जदाराला सकाळच्या सव्वासहाच्या एसटीसाठी रोज उठवले, आणि एकदाही गाडी चुकली नाही. घड्याळाशिवाय कसे जमते, असे विचारल्यावर त्यांनी चुलीपुढे बसून तिला हिशेब शिकवला. तो किनाऱ्यावरच्या कोणालाही येतो. आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, की पाणी पुरे भरण्याची वेळ निघते. अष्टमी असेल तर सहा. चतुर्थी असेल तर तीन. तिथून पुढे सहा तास सुकती, मग पुन्हा भरती. अर्जदाराला गणितात चांगले गुण पडले त्याला हा हिशेबही थोडासा कारण आहे.

७. साक्ष झाली त्या दिवशी बार रूममध्ये सहकाऱ्यांनी अर्जदाराची पाठ थोपटली. ॲड. पियूष म्हणाले, घड्याळाची युक्ती नामी होती, कुठून सुचली. अर्जदाराने चहा घेतला आणि पाय मोकळे करायला समुद्रावर गेली. तिथे एका पर्यटक कुटुंबाने तिला विचारले, समोरच्या किल्ल्यात चालत कधी जाता येईल. तिने सवयीने बोटे मोजून सांगितले, आज पंचमी, पाणी पावणेचारला भरले, आता रात्रीशिवाय सुकायचे नाही, उद्या सकाळी साडेदहाला या. ते लोक आभार मानून गेले. अर्जदार तिथेच वाळूत उभी राहिली. पावणेचारला पुरे भरले, म्हणजे पावणेदहापासून भरत होते, म्हणजे पाऊण वाजता बरोबर अर्धे. वेणूबाईंना घड्याळ दाखवले तेव्हा कोर्टात पाऊण वाजला होता. त्यांनी वेळ चुकीची सांगितलीच नव्हती. समुद्राकडे पाठ असलेल्या खोलीत, लोक हसत असताना, त्यांनी ती मिनिटावर सांगितली होती.

८. मग संकष्टीचे गणित करायला कागद लागला नाही. दि. १७ जानेवारी, पौष वद्य चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. पाणी दुपारी तीनला भरले आणि सुकती तीनच्या पुढे लागली. सुकती लागली तेव्हा चंदर होडीत चढला, असे वेणूबाईंनी या न्यायालयात शपथेवर सांगितले आहे. ते पाच वाजता असूच शकत नाही. मांडवखारच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा आहे. पाणी उतरू लागले की तासाभरात तो उघडा पडतो, आणि आत-बाहेर करायचे झाल्यास पुढच्या भरतीची वाट पाहावी लागते. तीननंतर बाहेर पडलेली होडी पाच वीसला धक्क्यावर परत आलेली असू शकेल काय, हा प्रश्न सरकार पक्ष विचारील आणि त्याने तो विचारावाच. पण वेणूबाईंनी पुढे काय पाहिले, होडी खाडीबाहेर गेली की नाही, तिचे शीड की इंजिन, दिशा कोणती, हे विचारणारे कोणी उरलेले नाही. चंदरला वाचवू शकणारी एकुलती एक साक्षीदार ही वेळ न समजणारी बाई आहे, असे चंदरच्या वकिलाने सिद्ध करून ठेवले आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे लोक म्हणतात. अर्जदाराने तर काखेतला कळसा दगडावर आपटला.

९. न्यायालय म्हणेल, मग साक्षीदार पुन्हा बोलावण्याचा अर्ज द्या. अर्जदारही तेच ठरवून दि. १४ सप्टेंबरला, रविवारी सकाळी, मांडवखारला गेली. आरोपीची पत्नी शकू तिथेच वेणूबाईंना बोंबील वाळत घालायला मदत करत होती. वेणूबाईंनी वर पाहिले नाही. अर्जदाराने मावशी म्हणून हाक मारली. त्या म्हणाल्या, "कोर्टात आजी व्हते, आता मावशी झाले व्हय." अर्जदाराने माफी मागितली आणि विचारले, त्या दिवशी होडी बाहेर पडताना तुम्ही पाहिली का. वेणूबाईंनी हातातला बोंबील दोरीला अडकवला. मग म्हणाल्या, "तू म्हनलीस, इचारलं तेवढंच सांगा. मी गप बसले. आता तू इचारू नको, मी सांगनार न्हाय. तुज्यावर राग न्हाय मला. पन तू पुन्ना तिथं उभी राहिलीस ना, तर माज्या तोंडातून शब्द निगायचा न्हाय. मला त्या लोकांचं हसनंच ऐकू येल. दुसरा कोन येऊ दे. त्याला समदं सांगीन." शकू तेव्हा मध्ये पडली, म्हणाली, "मावशी, माझ्या नवऱ्याचा जल्म जाईल गो." वेणूबाई तिला म्हणाल्या, "म्हनून तर सांगते, दुसरा आन."

अर्जदाराने यावर काहीही वाद घातला नाही. वकिलाला वाद घालायचे शिक्षण असते, पण त्या दिवशी ते आठवले नाही.

१०. दि. १५ सप्टेंबरला अर्जदार कारागृहात चंदरला भेटली. तो आनंदात होता. त्याला वाटत होते आपण जिंकलो. "मावशीला कसली गप केलीत तुमी," असे तो म्हणाला. त्याला सगळे समजावून सांगायला पाच मिनिटे लागली. चतुर्थीचा हिशेब तर सांगावाच लागला नाही, तो त्याला बोटांवरच ठाऊक होता. त्याला फक्त हे कळत नव्हते की आपल्या वकिलाला तो ठाऊक असून तिने केला कसा नाही. शेवटी तो म्हणाला, "ताई, तुमी बाजूला झालात तर ती बोलंल ना? मग व्हा." त्याने संमतीपत्रावर सही केली. पेन परत देताना त्याने अर्जदाराकडे पाहिले नाही.

११. म्हणून अर्जदाराची कारणे कायद्याच्या भाषेत अशी. एक, साक्षीदाराबद्दलची खासगी माहिती तिने साक्षीत वापरली आणि ओळख लपवली. दोन, वेणूबाईंना पाणी पाहून वेळ अचूक सांगता येते याची अर्जदार स्वतः साक्षीदार आहे, आणि उद्या तिलाच साक्ष द्यावी लागली तर एकाच खटल्यात वकील आणि साक्षीदार दोन्ही होता येत नाही. तीन, ती उभी असेपर्यंत आरोपीची एकमेव साक्षीदार बोलणार नाही. आरोपी दोषी आहे म्हणून वकील निघून चालली, असा अर्थ कोणी काढू नये, यासाठी हा अर्ज इतका लांबला आहे. दोष कोणाचा आहे ते वर लिहिलेले आहे.

१२. एक गोष्ट उरली. गेल्या गुरुवारी शकू अर्जदाराच्या ऑफिसात आली आणि वर्तमानपत्रात बांधलेली एक वस्तू टेबलावर ठेवून म्हणाली, "मावशीनं दिलंय. म्हनली, तिचं तिला दे." ते दहावीचे घड्याळ होते. अर्जदाराला वाटले होते ते केव्हाच बंद पडले असेल. शकूने सांगितले की वेणूबाई दर दिवाळीला बाजारातून सेल आणतात, शकूकडून तो घालून घेतात, आणि काटे लोकांच्या मोबाइलवर बघून जुळवायला लावतात. शकूने एकदा विचारले होते, मावशी, तुला कशाला लागतंय घड्याळ, कधी बगत तर न्हाईस. तेव्हा वेणूबाई म्हणाल्या होत्या, "हेमा आली तर तिला लागंल."

अर्जदार मांडवखारला याआधी शेवटची गेली ती सहा वर्षांपूर्वी, आणि तेव्हाही गडबडीत होती म्हणून वेणूबाईंच्या उंबऱ्यावरूनच परत फिरली. ते घड्याळ तिने ऑफिसात ठेवून पाहिले, घरी नेऊन पाहिले. टिकटिक ऐकवत नाही आणि सेल काढायला हात होत नाही. सबब ते या अर्जासोबत जोडले आहे. पुरावा म्हणून त्याची किंमत काय हे न्यायालयाने ठरवावे. अर्जदाराला ते स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क वाटत नाही, एवढेच.

तरी न्यायालयास विनंती की,

(अ) अर्जदारास या खटल्यातून बाजूला होण्याची परवानगी द्यावी, व आरोपीसाठी दुसऱ्या वकिलाची नेमणूक व्हावी;

(ब) नव्या वकिलांनी वेणूबाईंना पुन्हा बोलावण्याचा अर्ज केल्यास तो विचारात घेताना, पहिल्या खेपेची चूक वकिलाची होती, साक्षीदाराची किंवा आरोपीची नव्हती, हे या अर्जावरून ग्राह्य धरावे;

(क) वेणूबाईंना बोलावल्यास तारीख शक्यतो शुक्रवार, दि. १० ऑक्टोबरची द्यावी. त्या दिवशी संकष्टी आहे. मासळीला गिऱ्हाईक नसते, त्यांचा दिवस मोडणार नाही;

(ड) त्या दिवशी त्यांना किती वाजले ते कोणी विचारू नये. पाणी कुठे होते ते विचारावे. आणि त्या बोलू लागल्या की त्यांना बोलू द्यावे.

अर्जदार त्या दिवशी कोर्टात येणार नाही. वेणूबाईंची पाटी सांभाळायला बाहेर कोणी लागले, आणि त्यांची हरकत नसली, तर ती व्हरांड्यात बसेल.

मान खाली घालून, आपली,

(सही)
ॲड. हेमांगी काशिनाथ पेरेकर
अलिबाग, दि. २३ सप्टेंबर २०२५

प्रत : मा. सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, माहिती व पुढील नेमणुकीसाठी.

सोबत :
१) आरोपी चंदर रंगू नाखवा याचे संमतीपत्र.
२) जानेवारी २०२५ चे दिनदर्शिकेचे पान, चतुर्थीवर खूण केलेले.
३) भरती-सुकतीचा हिशेब, अर्जदाराच्या हस्ताक्षरात. हिशेब वेणूबाईंचा.
४) भिंतीवरचे घड्याळ, एक. चालू. वेळ बरोबर.